मेंदूची मनीऑर्डर : बीडीएनएफचा हिशेब शरीर कसा ठेवतं

मामांनी परवा एक जाहिरात पाठवली. निळ्या मेंदूभोवती विजा चमकतायत, खाली सवाल : 'तुमचं बीडीएनएफ किती?' त्याखाली रक्ततपासणीचा दर आणि कॅप्सूलच्या डबीवर सवलत. मामा अडुसष्ट वर्षांचे, आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केलेले. गेले काही महिने त्यांना माणसांची नावं आठवेनाशी झाली आहेत. समोरचा दोनदा सांगतो, तरी तिसऱ्यांदा विचारावं लागतं. जाहिरातीखाली त्यांनी एवढंच लिहिलं होतं : "करून घेऊ का गं?"

"नका करू" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण व्हाउचर पाहिल्याशिवाय रक्कम मान्य न करणारा माणूस तो, कारण सांगितल्याशिवाय ऐकणार नाही. शिवाय हा प्रश्न एकट्या मामांचा राहिलेला नाही. व्यायामशाळेतल्या पोस्टरपासून उपासाच्या व्हिडिओपर्यंत सगळीकडे 'बीडीएनएफ वाढवा' चाललंय. तेव्हा सुरुवातीपासून सांगते.

हे बीडीएनएफ म्हणजे काय?

पूर्ण नाव ब्रेन डिराइव्ह्ड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर. मेंदूतून पहिल्यांदा वेगळं काढलेलं आणि चेतापेशींना जगवणारं, वाढवणारं एक प्रथिन, एवढाच त्याचा अर्थ. चेतापेशी म्हणजे मेंदूत आणि नसांत संदेश वाहून नेणाऱ्या पेशी. अशा प्रथिनांना 'ग्रोथ फॅक्टर' म्हणतात. बीडीएनएफचं चार भावंडांचं कुटुंब आहे. थोरलं एनजीएफ, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. उरलेल्या दोघांची नावं लक्षात ठेवायची गरज नाही.

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी आठवतात. इथे तो अर्थ सोडा. ग्रोथ फॅक्टर पेशीचं पोट भरत नाही. तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक बटणावर जाऊन बसतो आणि आत निरोप जातो : 'तुझं काम चाललंय, तू राहा.' या बटणांना ग्राही म्हणतात. जाहिरातवाले बीडीएनएफला 'मेंदूचं खत' म्हणतात तिथेच घोटाळा सुरू होतो. खत म्हटलं की आपण पोत्यांचा हिशेब करायला लागतो.

अंड्यांवरची प्रयोगशाळा

थोरल्या भावंडाचा शोध कसा लागला ते सांगायलाच हवं, कारण पुढचं निम्मं त्यातूनच कळतं.

रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी ही इटलीतल्या तुरिन शहरातली तरुण डॉक्टर. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्ध वंशभेदाचे कायदे केले आणि विद्यापीठाची दारं तिला बंद झाली. तिने घरी, झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रं केली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम सुरू केलं. बॉम्ब पडू लागल्यावर हा संसार खेड्यातल्या घरात हलवला. प्रश्न असा होता : वाढत्या पिल्लाच्या पायाचा कोंब कापून टाकला, तर त्या पायाकडे जाणाऱ्या चेतापेशींचं काय होतं? अमेरिकेत व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी हा प्रयोग आधी केला होता. त्यांचं म्हणणं, पाय नसल्यामुळे पेशी तयारच होत नाहीत. रिटाला वेगळंच दिसलं. पेशी तयार होतात, कोंबाच्या दिशेने निघतात, आणि तिथे काहीच न मिळाल्यामुळे मरतात.

युद्ध संपल्यावर हॅम्बर्गर यांनी तिला सेंट लुइसला बोलावून घेतलं. काही महिन्यांसाठी गेलेली रिटा तिथे अनेक वर्षं राहिली. उंदराच्या एका गाठीमुळे कोंबडीच्या गर्भातल्या नसा भराभर वाढतात हे तिथे लक्षात आलं. १९५२ मध्ये ती गाठ असलेले उंदीर हँडबॅगेत घालून ती विमानाने ब्राझीलमधल्या रिओला गेली. तिथे काचेच्या बशीत तिने चेतापेशींचा पुंजका गाठीच्या तुकड्याशेजारी ठेवला, आणि पुंजक्यातून सूर्याच्या किरणांसारखे तंतू फुटले. गाठीतून काहीतरी झिरपत होतं.

ते काहीतरी काय, हे शोधलं स्टॅन्ली कोहेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने. द्रवातली न्यूक्लिक आम्लं तोडण्यासाठी त्याने सापाचं विष घातलं, तर तंतू उलट जास्तच फुटले. म्हणजे विषातच तो पदार्थ ठासून भरलेला! विषाची ग्रंथी ही मुळात लाळेच्या ग्रंथीची बहीण, म्हणून त्याने उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या. तिथे घबाडच मिळालं. हेच एनजीएफ. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हॅम्बर्गर यांचं नाव त्यात नव्हतं, याची हळहळ त्या क्षेत्रात अजून व्यक्त होते. मलाही ते नाव असायला हवं होतं असं वाटतं. रिटाबाई २०१२ पर्यंत, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षापर्यंत जगल्या.

बीडीएनएफ सापडायला १९८२ उजाडलं. जर्मनीत म्युनिकजवळ इव्ह-अलाँ बार्द आणि हान्स थोएनन यांच्या गटाने ते डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं. किलोने मेंदू घ्यावा तेव्हा मायक्रोग्रॅमच्या हिशेबात प्रथिन हाती लागत होतं. मामा, हा आकडा लक्षात ठेवा. इतकी कमी वस्तू इतकं मोठं काम करते, याचाच अर्थ ती मोजूनमापून, जागच्या जागी वापरली जात असणार.

कोकणातलं घर आणि मुंबईचा चाकरमानी

रिटाने जे पाहिलं ते समजायला कोकणातल्या माणसाला वेगळं उदाहरण लागणार नाही. पोरगा मुंबईला जायचा, गिरणीत चिकटायचा, महिन्याला मनीऑर्डर यायची आणि गावचं घर उभं राहायचं. नोकरी मिळाली नाही, मनीऑर्डर आली नाही, की दोन-चार पावसाळ्यांत घराच्या भिंती खचायच्या.

चेतापेशीचं अगदी असंच आहे. पेशीचं घर एकीकडे आणि तिचा लांब तंतू दूर कुठेतरी. तुमच्या पायाच्या अंगठ्याकडे जाणाऱ्या नसेतली पेशी कमरेच्या पातळीवर असते. तंतू जवळपास मीटरभर लांब. तंतूचं टोक जिथे पोचतं तिथल्या पेशी थोडासा ग्रोथ फॅक्टर सोडतात. टोक तो पकडतं, ग्राहीसकट एका पिशवीत बंद करतं आणि ही पिशवी तंतूतल्या रुळांवरून घराकडे निघते. ओढणारं एक सूक्ष्म यंत्र असतं, तेही प्रथिनच. मीटरभर प्रवासाला कित्येक दिवस लागतात. पिशवी पोचली की घराला कळतं : पोराला काम मिळालं.

गर्भावस्थेत शरीर गरजेपेक्षा कितीतरी जास्त चेतापेशी जन्माला घालतं. चेतासंस्थेच्या अनेक भागांत त्यातल्या निम्म्याच्या आसपास मरतात. निर्दय वाटेल, पण कुठे किती पेशी लागतील हे आधी ठरवायची गरज उरत नाही. जितके हात कामाला लागले तितकी घरं राहिली.

मोठेपणी मेंदूत इतकी टोकाची वेळ सहसा येत नाही. बीडीएनएफ कमी झालं म्हणून पेशी पटापट मरत नाहीत. त्यांच्या फांद्या आक्रसतात, जोडण्या सैल होतात. दोन चेतापेशी जिथे एकमेकींना संदेश देतात त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. प्रौढ मेंदूत बीडीएनएफचं मुख्य काम या सांध्यांवर चालतं. वापरातला सांधा पक्का करायचा. आठवण टिकण्यामागे जी यंत्रणा आहे तिचा हा मोठा भाग.

तोटी कोण सोडतं?

आता हिशेबाकडे. बीडीएनएफ कधी बनवायचं, कुठे सोडायचं हे ठरवतं कोण?

पहिलं उत्तर : वापर. चेतापेशीतून विजेचा संदेश गेला की तिच्यात कॅल्शियम शिरतं. कॅल्शियममुळे काही प्रथिनं जागी होतात, त्यातली काही केंद्रकात जातात आणि बीडीएनएफचा जीन चालू करतात. हा जीन अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याला चालू करण्याची कळ एकच नाही, आठ-नऊ आहेत. एखादी कळ मेंदूच्या एका भागात, दुसरी दुसऱ्या परिस्थितीत दाबली जाते. प्रथिन मात्र प्रत्येक वेळी तेच बनतं. सरकारी कार्यालयात एकाच कामासाठी नऊ खिडक्या असाव्यात तसं, फक्त इथे प्रत्येक खिडकी खरंच उघडते.

याचा एक सुरेख पुरावा १९९२ चा आहे. उंदरांना अंधारात ठेवलं तेव्हा मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात बीडीएनएफ बनवण्याचा आदेश मंदावला. उजेडात आणताच तो पुन्हा वाढला. डोळ्यांनी पाहिलं तेव्हाच पाहणाऱ्या भागाला मिळालं.

बनवलेलं बीडीएनएफ लगेच सोडत नाहीत. छोट्या पिशव्यांत भरून ते सांध्यांजवळ ठेवलेलं असतं आणि तिथे धावपळ वाढली की पिशवी फुटते. शिवाय प्रथिन चिकट आहे, सुटलं तरी फार लांब जात नाही. शेतकऱ्याला एका वाक्यात सांगायचं तर मेंदूने ठिबक बसवलंय. ज्या रोपाच्या मुळाशी काम चाललंय तिथेच थेंब.

एकच कागद, अर्थ दोन

हा भाग जाहिरातीत कधीच येत नाही, आणि मला तोच सगळ्यात मजेशीर वाटतो.

बीडीएनएफ आधी लांब रूपात बनतं. त्याला एक शेपूट असते, जी पुढे कापली जाते. शेपटीसकट असलेल्या कच्च्या रूपाला प्रो-बीडीएनएफ म्हणतात. कापलेलं, पक्कं रूप ट्रक-बी नावाच्या ग्राहीवर बसतं आणि 'सांधा मजबूत कर' असं सांगतं. कच्चं रूप पी-७५ नावाच्या वेगळ्या ग्राहीवर बसतं आणि जवळजवळ उलटा निरोप देतं : 'हा सांधा सैल कर', प्रसंगी 'पेशी आटोप'. घरमालकाने एकच कागद पाठवावा आणि खालची चिठ्ठी फाडलेली असली तर भाडेकरार, नसली तर घर खाली करण्याची नोटीस, असा प्रकार.

म्हणजे कात्री कोणाच्या हातात, यावर सगळं अवलंबून. पेशीच्या आत काही कात्र्या आहेत, बाहेर काही. बाहेरच्या कात्र्यांपैकी एक आहे प्लाझ्मिन, आणि तिला धार लावणारं प्रथिन म्हणजे टीपीए. हे नाव ओळखीचं वाटेल. पक्षाघाताचा झटका आल्यावर पहिल्या साडेचार तासांत रक्ताची गुठळी विरघळवण्याचं जे इंजेक्शन देतात ते हेच. गुठळी फोडणारी जोडगोळीच मेंदूत बीडीएनएफची शेपूट कापते, हे २००४ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं. शरीर एकच अवजार किती ठिकाणी वापरतं, याला तोड नाही.

त्यामुळे 'बीडीएनएफ वाढलं' या वाक्याला तसा अर्थ नसतो. कुठलं वाढलं? कच्चं की पक्कं? आणि कुठल्या सांध्यापाशी?

याच्या वर आणखी एक चाप. बीडीएनएफचा मारा सतत चालू राहिला की पेशी पृष्ठभागावरची बटणं आत ओढून मोडीत काढते. शिवाय काही बटणं दिखाऊ असतात. दारावर घंटा आहे, पण आत तार जोडलेली नाही. बीडीएनएफ त्यावर बसतं आणि अडकून पडतं. जादा झालेलं शोषून घ्यायची ही सोय.

मेंदूबाहेरचे निरोपे

आतापर्यंत सगळं मेंदूच्या आतलं झालं. बाकी शरीरालाही यात बोलायला जागा आहे.

१९९५ मध्ये अमेरिकेत कार्ल कॉटमन यांच्या गटाने उंदरांच्या पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं. उंदीर आपल्या मर्जीने धावले आणि काही दिवसांत त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफचा आदेश वाढला. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी बांधणारा भाग. सगळे चाट पडले, कारण धावण्यामुळे हालचालींचा भाग जागा होईल अशी अपेक्षा होती. पायाचं काम झालं तर आठवणीच्या भागाला का मिळावं?

कारण धावणारा स्नायू रक्तात निरोप सोडतो. त्यातल्या एकाचं नाव आयरिसिन, ग्रीक देवतांची निरोप्या असलेल्या आयरिसवरून ठेवलेलं. दमल्यावर स्नायूंत साठणारं लॅक्टेट, ज्याला आपण वर्षानुवर्षं नुसती 'थकव्याची घाण' समजत होतो, तेही उंदरांत मेंदूपर्यंत पोचून बीडीएनएफला चालना देताना दिसलं. यकृताचाही वाटा आहे. साखर संपत आली की ते चरबीतून कीटोन बनवतं. त्यातला एक कीटोन जीनवरची काही कुलपं सैल करतो, असं उंदरांत आढळलं. उपासाच्या व्हिडिओंचा उगम इथला. माणसांवरचे निष्कर्ष मात्र एका दिशेचे नाहीत. आणि साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी अशी आपली 'एकादशी, दुप्पट खाशी' यात मुळीच बसत नाही. तिथे कीटोन बनायला उसंतच मिळत नाही.

उलट दिशेचा निरोप्या म्हणजे ताण. उंदरांना अरुंद जागेत डांबून ठेवलं की हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफचा आदेश घटतो. यात ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकाचा काही वाटा असतो. माणसांत ते कॉर्टिसॉल. तासाभराच्या धावपळीने काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने न सुटणारा ताण वेगळा.

इथे औदासीन्यावरच्या औषधांचा विषय येतोच. ही औषधं मेंदूतलं सेरोटोनिन काही तासांत वाढवतात, पण बरं वाटायला काही आठवडे लागतात. हे कोडं जुनं. येल विद्यापीठातले रोनाल्ड डुमन यांनी १९९० च्या दशकात सुचवलं की मधल्या आठवड्यांत बीडीएनएफ हळूहळू वाढतं आणि जोडण्या पुन्हा उभ्या राहतात. २०२१ मध्ये हेलसिंकीच्या गटाने आणखी पुढचं दाखवलं : यातली काही औषधं थेट ट्रक-बी ग्राहीलाच चिकटतात आणि त्याला बीडीएनएफबद्दल अधिक हळवं करतात. औदासीन्याचं पूर्ण गणित यातून सुटत नाही. पण 'गोळी घेतली, आठवडा झाला, काही फरक नाही' म्हणून मनानेच औषध बंद करणाऱ्यांनी या संथ बांधकामाचा विचार जरूर करावा.

"पण जास्त असलं तर चांगलंच ना?"

सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला विचारा. उसाला मोकाट पाणी सोडून सोडून किती जमीन क्षारपड झाली ते तो सांगेल. पाणी वाईट नव्हतं, मोकाट होतं.

थोरल्या भावंडाचंच बघा. सूज आलेल्या जागी एनजीएफ वाढतं आणि वेदना वाहणाऱ्या नसा हुळहुळ्या होतात. मुरगळलेल्या घोट्याला नुसता कपडा लागला तरी कळ जाते, त्यात याचा हात असतो. मग एनजीएफला अडवून गुडघेदुखी थांबवता येईल, म्हणून टॅनेझुमॅब नावाचं औषध काढलं. दुखणं कमी झालं, पण काही रुग्णांचे हाडांचे सांधे झपाट्याने झिजले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी ते नाकारलं. जास्त झालं तर दुखतं, अडवलं तर सांध्याला महागात पडतं. आणि ज्या बाळांच्या एनजीएफच्या ग्राहीतच जन्मतः दोष असतो त्यांना वेदना कळतच नाही, घामही येत नाही. ऐकायला वरदान वाटेल. ती मुलं जीभ चावून घेतात, हाडं मोडली तरी चालत राहतात.

बीडीएनएफचंही तेच. फेफऱ्यात पेशी बेभान पेटतात तेव्हा बीडीएनएफ उसळतं आणि नको त्या जोडण्या आणखी घट्ट होतात. प्राण्यांत ट्रक-बी ग्राही काढून घेतला तर फेफऱ्याचा आजार रुजतच नाही, असंही दिसलंय. दुसऱ्या टोकाला, बीडीएनएफच्या जीनची एक प्रत नसलेली काही मुलं लहानपणापासून अनावर भुकेली आणि स्थूल असतात, कारण पोट भरल्याचा निरोप देणाऱ्या भागातही हेच प्रथिन काम करतं. एका जागी आठवण, दुसऱ्या जागी भूक, तिसऱ्या जागी झटके. सगळीकडे एकदम वाढवणार तरी कसं?

"निदान मोजून तरी घेऊ"

मामांचा मूळ प्रश्न.

रक्तात बीडीएनएफ असतं, आणि भरपूर असतं. पण त्यातलं बहुतेक प्लेटलेटच्या पोटात. प्लेटलेट म्हणजे जखम झाली की रक्त गोठवणाऱ्या कणिका, डेंग्यूत ज्यांचा आकडा घरोघरी पाठ होतो त्या. नळीत रक्त घेऊन गोठू दिलं की प्लेटलेट फुटतात आणि बीडीएनएफ बाहेर ओततात. म्हणून गोठवलेल्या रक्तातला आकडा न गोठवलेल्या रक्ताच्या कितीतरी पट येतो. नळी किती वेळ ठेवली, कशी हाताळली, यावरही तो हलतो. मुख्य म्हणजे हा आकडा तुमच्या प्लेटलेटबद्दल जास्त सांगतो, हिप्पोकॅम्पसबद्दल कमी. गंमत म्हणजे उंदराच्या रक्तात बीडीएनएफ नावालाच असतं, आणि त्याचा मेंदू छान चालतो.

संशोधक शेकडो माणसांचे आकडे एकत्र ठेवून काही शोधतात ते ठीक. एका माणसाचा कागद हातात घेऊन त्यावर औषध ठरवावं, असं या तपासणीत काही नाही. जीन तपासणीच्या पाकिटांत बीडीएनएफच्या एका ठरावीक बदलाचा उल्लेख असतो, त्याचंही तसंच. २००३ मध्ये दिसलं की या बदलामुळे प्रथिन सोडण्याची रीत थोडी बदलते. पण असा जीन असलेली कोट्यवधी माणसं नोकऱ्या करतात, पाढे म्हणतात, कीर्तनं करतात.

"मग गोळीतूनच देता येत नाही?"

तोंडाने घेतलं तर पोट त्याचं वरण करतं. प्रथिन ते शेवटी. सुईने रक्तात दिलं तर ते काही मिनिटांत नाहीसं होतं आणि रक्त व मेंदू यांच्यातली भिंत फारसं आत जाऊ देत नाही. १९९० च्या दशकात स्टीफन हॉकिंग यांना होता त्या स्नायू निकामी करणाऱ्या आजारासाठी बीडीएनएफची इंजेक्शनं देऊन पाहिली. हजाराहून अधिक रुग्ण होते. आशा मोठी होती, फायदा सिद्ध झाला नाही. पार्किन्सनसाठी जीडीएनएफ हा दूरचा नातेवाईक तर थेट मेंदूत नळ्या घालून दिला. २०१९ च्या निकालात ठरवलेला निकष त्यालाही गाठता आला नाही.

यश कुठे मिळालं? डोळ्यात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या नसा मेल्या की तिथे जखमा होतात आणि भरत नाहीत. त्यावर एनजीएफचे थेंब युरोपात २०१७ मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. तिथे भिंत नाही, लांबचा प्रवास नाही, औषध नेमक्या जागी पडतं. पुन्हा ठिबकच.

कॅप्सूलवाल्यांचं म्हणणं असतं, 'आम्ही बीडीएनएफ देत नाही, ते वाढवणाऱ्या वनस्पती देतो.' डबी उलटून बघा. आधार सहसा बशीतल्या पेशींचा किंवा उंदरांचा असतो, आणि माणसाच्या रक्तात मोजलेलं असेल तर ते प्लेटलेटवालं.

"चालण्याचं तरी खरं आहे का?"

इथे मला जपून बोलायला हवं, कारण मामांनी चालावं असं मला वाटतं आणि त्यासाठी थोडं वाढवून सांगण्याचा मोह होतो.

२०११ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास गाजला. १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा, हळूहळू वाढवत चाळीस मिनिटांपर्यंत चालायचं. उरलेल्यांनी ताणाचे सौम्य व्यायाम करायचे. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढला, दुसऱ्या गटाचा घटला. चालणाऱ्यांत ज्यांच्या रक्तातलं बीडीएनएफ जास्त वाढलं त्यांचा हिप्पोकॅम्पसही जास्त वाढलेला दिसला. पण सरासरी पाहता बीडीएनएफ दोन्ही गटांत सारखंच होतं. बातम्यांत हे वाक्य कुठे छापलं नाही.

२०२२ मध्ये आणखी मोठा अभ्यास आला, ५८५ ज्येष्ठांचा. विसरभोळेपणाची तक्रार असलेली, पण स्मृतिभ्रंश नसलेली माणसं, म्हणजे थेट मामांसारखी. व्यायाम आणि ध्यान, दोन्ही करून पाहिलं. सहा महिन्यांनी स्मरणशक्तीत ठळक फरक सापडला नाही.

मग चालायचं कशाला? रक्तदाब, साखर, झोप आणि मन, या चौघांसाठी चालण्याचा फायदा पक्का आहे, आणि त्यातल्या पहिल्या दोघांचा मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी सरळ संबंध आहे. बीडीएनएफचा त्यात किती वाटा, ते माणसात थेट मोजायची सोय आज नाही. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या सांध्यापाशी थेंब पडताना कोण बघणार?

मामांचं काय झालं

हे सगळं मी त्यांना फोनवर सांगितलं. मनीऑर्डरीपर्यंत हुंकार येत होते. प्लेटलेटचं ऐकून म्हणाले, "म्हणजे तिजोरी एका गावात आणि हे मोजतात दुसऱ्या गावच्या बाजारातली मोड." मला इतकं नीट सांगता आलं नसतं.

तपासणीचे पैसे वाचवून ते नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बी-१२ आणि थायरॉइड बघायला सांगितलं, कारण विसरभोळेपणाची ही दोन कारणं औषधाने बरी होणारी. बी-१२ थोडं कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. मग डॉक्टर टेबलापलीकडून हळू आवाजात काहीतरी बोलले. मामांनी "काय?" म्हणून विचारलं. ते पुन्हा बोलले. तिसऱ्यांदा मामींनी मध्ये पडून सांगितलं : "कान तपासून घ्या म्हणतायत."

मशीन बसवून आता तीन आठवडे झालेत. नावं अजून विसरतात, पण कमी. निम्मी त्यांना मुळात ऐकूच आली नव्हती.